सुताराची गिटार : ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन

गिटार हे वाद्य आता आपल्याला परके राहिलेले नाही. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, सहलीची बस असो की वसतिगृहाची गच्ची असो, कोणीतरी एकजण ती गळ्यात अडकवून उभा असतोच. ऐकणाऱ्यांचे लक्ष गाण्याकडे असते, पाहणाऱ्यांचे वाजवणाऱ्याच्या बोटांकडे. गिटारच्या डोक्याकडे सहसा कोणी पाहत नाही. तेथे बहुधा तीन एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला अशा सहा चाव्या असतात, आणि प्रत्येक चावीच्या टोकाला बोटांनी धरून फिरवण्यासाठी एक लहानसे बटण असते. आपल्याकडे तंबोरा लावताना खुंटी पिळली की तंबोऱ्याचा कान पिळला असे गमतीने म्हणतात. त्या हिशेबाने ही बटणे म्हणजे गिटारच्या कानांच्या पाळ्या. मी ज्या माणसाविषयी लिहिणार आहे त्याच्या आयुष्यातील बऱ्याच गोष्टी मला या कानांपाशीच उमगल्या, म्हणून प्रारंभ तेथून केला.

सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या संदर्भात आपण मिरजेचे नाव ज्या आदराने घेतो, त्या आदराने गिटारवाले मार्टिन हे नाव घेतात. हा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन ३१ जानेवारी १७९६ रोजी जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मार्कनॉयकिर्शेन नावाच्या गावी जन्मला. जन्माचे नाव फ्रीडरिश, अमेरिकेत गेल्यावर त्याचे फ्रेडरिक झाले. गाव लहान, डोंगराळ, बोहेमियाच्या सरहद्दीला लागून. पण वाद्यांच्या व्यापारात त्याचा दबदबा मोठा. सतराव्या शतकात धर्मच्छळाला कंटाळून बोहेमियातून पळून आलेल्या प्रॉटेस्टंट व्हायोलिन कारागिरांनी येथे बस्तान बसवले आणि १६७७ मध्ये आपला संघ स्थापन केला. पुढे धनुकल्या करणारे, तारा करणारे असे एकेक धंदे भोवती गोळा होत गेले.

येथे या संघांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचे सगळे महाभारत त्यावरूनच घडले. त्या काळच्या युरोपात प्रत्येक धंद्याचा एक संघ असे. कोणी कोणती वस्तू करावी, कोणाला शिष्य म्हणून घ्यावे, किती वर्षांनी त्याला उस्ताद म्हणावे, हे सारे संघ ठरवी. आपल्याकडच्या बलुतेदारीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था. फरक इतकाच की तेथे हक्कासाठी कागद असत आणि कागदावरून खटले चालत. मार्टिनचा बाप योहान गेओर्ग मार्टिन हा सुतारांच्या संघातला. लाकडी कपाटे, पेट्या, मेज करणे हा त्या संघाचा धंदा. पण गेओर्ग मार्टिन आणि त्याचे काही जातभाई गिटारीही करीत. गिटार हे त्या मुलखात तेव्हा नव्यानेच आलेले वाद्य होते. कोणाच्याच कागदावर त्याचे नाव नव्हते.

मुलाने बापाच्या हाताखाली रंधा धरला आणि मग तो व्हिएन्नाला गेला. पंधराव्या वर्षीच तो योहान गेओर्ग श्टाउफर या नामांकित कारागिराकडे शिकायला राहिला आणि पुढे तेथे मुकादम झाला, अशी हकिगत मार्टिन घराण्यात चालत आली आहे. तपशिलाबद्दल अलीकडचे अभ्यासक थोडे सावधपणे बोलतात, पण मार्टिनच्या सुरुवातीच्या गिटारी पाहिल्या की श्टाउफरचा हात ओळखायला अभ्यासकाची गरज पडत नाही.

हा श्टाउफर मोठा खटपट्या माणूस होता. व्हिएन्ना ही त्या वेळी संगीताची राजधानी. बेथोवेन आणि शूबर्ट त्याच गावात राहत होते. १८२२ मध्ये श्टाउफरने योहान एर्टल या दुसऱ्या कारागिराबरोबर गिटारमधील सुधारणांसाठी सरकारी परवाना मिळवला. १८२३ मध्ये त्याने गिटार आणि चेलो यांचे लग्न लावून धनुकलीने वाजवायचे आर्पेजिओने नावाचे वाद्य केले. शूबर्टने १८२४ मध्ये त्यासाठी एक सोनाटा लिहिला. वाद्य थोड्याच वर्षांत विस्मरणात गेले, सोनाटा राहिला. श्टाउफरला हिशेब कधी जमला नाही. उतारवयात तो कर्जात बुडाला आणि १८५३ मध्ये गरिबीतच वारला.

श्टाउफरच्या गिटारीचे डोके पाहण्यासारखे असे. ते एका बाजूला झुकलेले आणि टोकाला शंखासारखे वळलेले. सहाही बटणे एकाच कडेला ओळीने, बहुधा हस्तिदंताची नाहीतर हाडाची. मागल्या बाजूला धातूचा नक्षीदार पत्रा आणि त्या पत्र्याखाली सगळे यंत्र झाकलेले. १९५४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या स्ट्रॅटोकास्टर या विजेच्या गिटारचे डोके ज्यांनी पाहिले असेल, त्यांना श्टाउफरची गिटार पाहून सव्वाशे वर्षांची उडी मारल्यासारखे वाटेल.

यंत्र म्हणजे काय ते सांगतो. आपली तंबोऱ्याची खुंटी ही निव्वळ घर्षणावर उभी असते. लाकूड लाकडात घट्ट बसले तोवर सूर टिकतो. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात सैल होते, मग खडूची भुकटी लावा नाहीतर कागदाचा कपटा घाला. यांत्रिक चावीत बटणाच्या दांडीवर मळसूत्र असते, ते एका दातेरी चाकात अडकते आणि ते चाक तार गुंडाळणाऱ्या खुंटाला फिरवते. बटणाचे बारा-चौदा फेरे झाले की खुंटाचा एक फेरा होतो, त्यामुळे सूर केसाकेसाने चढवता येतो. आणखी एक गंमत म्हणजे मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाक मळसूत्राला उलटे फिरवू शकत नाही. तार कितीही ओढली तरी बटण जागचे हलत नाही.

व्हिएन्नात मार्टिनने आणखी एका कारखान्यात संबंध जोडला. कार्ल क्यूले नावाचा हार्प करणारा कारागीर होता, त्याची मुलगी ओटिली. १८२५ मध्ये दोघांचे लग्न झाले. त्याच वर्षी पहिला मुलगा झाला, त्याचे नावही ख्रिश्चन फ्रेडरिकच ठेवले. बायको-मुलाला घेऊन मार्टिन आपल्या गावी परतला आणि सुतारांच्या संघाचा सभासद म्हणून गिटारी करू लागला. आता तो राजधानीत शिकून आलेला कारागीर होता. साहजिकच गिटारी उत्तम होत आणि साहजिकच ते कोणाच्या तरी डोळ्यांत खुपू लागले.

१८२६ मध्ये व्हायोलिन करणाऱ्यांच्या संघाने तक्रार गुदरली की सुतारांना गिटारी करण्याची बंदी व्हावी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्ही वाद्ये करणारे म्हणजे कलावंतांच्या वर्गातले. आमच्या कामाला सफाईबरोबरच सुसंस्कृत अभिरुची लागते. सुतार हे केवळ यांत्रिक कामाचे लोक, ते टेबलखुर्च्या करणार. त्यांनी आपल्या पायरीने राहावे.

आपण 'आर्ट्‌स' कॉलेजात शिकणाऱ्यांनी हा युक्तिवाद जरा थांबून वाचावा असे मला वाटते. एकच लाकूड, तोच रंधा, तोच सरस, आणि एकाने केले तर कला, दुसऱ्याने केले तर सुतारकाम! कला कशात आहे हे वस्तूकडे पाहून न ठरवता करणाऱ्याच्या संघाकडे पाहून ठरवायचे. ही तक्रार करणारे लोक कोण, तर ज्यांचे पूर्वज दीडशे वर्षांपूर्वी स्वतःच निर्वासित होऊन या गावी आले होते ते. मला या माणसांचा राग येत नाही. धंदा बुडायच्या भीतीने माणूस काहीही बोलतो. परंतु त्यांनी नेमका कलेचा झेंडा खांद्यावर घ्यावा, याचे हसू मात्र येते.

सुतारांनी उत्तर दिले तेही चोख होते. व्हायोलिनवाल्यांच्या जुन्या नियमपत्रात गिटारचा उल्लेखच नाही, तेव्हा तिच्यावर त्यांचा वडिलोपार्जित हक्क कसा? या भागात गिटार करायला सुरुवात केली तीच मुळी गेओर्ग मार्टिन या सुताराने, असेही त्यांनी मांडले. १८३२ मध्ये भांडण पुन्हा उकरून काढले गेले. या वेळी सुतारांच्या बाजूने वाद्यांच्या एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने साक्ष दिली आणि श्टाउफरकडे शिकून आलेल्या तरुण मार्टिनचे नाव घेऊन, त्याच्या गिटारीत गुणाच्या किंवा रूपाच्या दृष्टीने काही उणे काढायला जागा नाही, असा निर्वाळा दिला. अखेर सुतारांचा हक्क मान्य झाला.

म्हणजे मार्टिन जिंकला होता. तरी तो गाव सोडून गेला, आणि हे मला त्याच्या चरित्रातील सर्वांत विचार करायला लावणारे पाऊल वाटते. हरलेला माणूस गाव सोडतो हे समजू शकते. पण ज्या गावात दर सहा वर्षांनी स्वतःच्या हाताचे काम स्वतःचे आहे हे शाबीत करावे लागते, तेथे राहण्यात या माणसाला अर्थ दिसला नसावा. त्याचा मित्र हाइनरिश शाट्स हा आधीच अमेरिकेला जाऊन पोहोचला होता. ९ सप्टेंबर १८३३ रोजी मार्टिन कुटुंबासह निघाला आणि ६ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. वय वर्षे सदतीस.

न्यूयॉर्कात त्याने हडसन रस्त्यावर १९६ क्रमांकाच्या जागेत दुकान थाटले. पुढे दुकान, मागे कारखाना. दुकानात केवळ गिटारी विकून भागण्यासारखे नव्हते. युरोपातून मागवलेली व्हायोलिने, तुताऱ्या, तारा, सुटे भाग, असे सगळे तेथे मिळे. त्याच्या जमाखर्चाच्या वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत रोख व्यवहारांबरोबर मालाच्या बदल्यात माल असेही व्यवहार आहेत. कधी वाद्याच्या मोबदल्यात दारूच्या बाटल्यांची पेटी, कधी मुलांचे कपडे. परक्या देशात मुलाबाळांसह संसार मांडणाऱ्याची ओढाताण या नोंदींत जितकी दिसते तितकी ती कोणा चरित्रकाराच्या वर्णनात दिसणार नाही.

या काळातील त्याच्या गिटारी पाहिल्या तर त्या अमेरिकेत झाल्या आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही. तेच व्हिएन्नाचे झुकलेले डोके, तोच शंखाचा वळसा, त्याच एका ओळीतल्या सहा चाव्या. माझी अशी समजूत आहे की हे डोके म्हणजे त्याचे पदवीपत्र होते. नव्या गावात त्याला कोण ओळखणार? ओळखीचा एकच पुरावा होता आणि तो त्याने गिटारच्या कपाळावर लावला होता.

न्यूयॉर्क ओटिलीला मानवले नाही. गर्दी, गोंगाट, परकी भाषा. शाट्सने १८३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात नाझरेथ गावाजवळ जमीन घेतली होती. मार्टिन कुटुंब त्याच्याकडे जाऊन आले तेव्हा बाईंना तेथली टेकाडे, शेते आणि कानावर पडणारी जर्मन बोली पाहून सॅक्सनीतच परत आल्यासारखे वाटले. त्यातच १८३७ च्या आर्थिक संकटाने न्यूयॉर्कचा व्यापार खिळखिळा केला होता. १८३८-३९ च्या सुमारास मार्टिनने दुकान दुसऱ्या व्यापाऱ्यांना विकले, नाझरेथच्या बाहेर आठ एकरांचा तुकडा घेतला आणि बिऱ्हाड हलवले. नाझरेथ हे मोरेवियन पंथीयांनी १७४० मध्ये वसवलेले गाव. हा पंथही मुळात बोहेमिया-मोराव्हियातून परागंदा झालेल्यांचा, आणि संगीताचा मोठा षोकी. निर्वासितांच्या एका गावात जन्मलेला माणूस असा निर्वासितांच्या दुसऱ्या गावात येऊन स्थिरावला.

गिटारी आता खेड्यात होऊ लागल्या, पण विकल्या जात न्यूयॉर्कमध्येच, आणि त्यांच्यावर छापही न्यूयॉर्कचाच राहिला. जॉन कूपा नावाचा एक गिटारशिक्षक ब्रॉडवेवर राहून मार्टिनचा माल विकी. त्याच्यासारख्या लोकांमुळे मार्टिनच्या हाती स्पेनकडील धाटणीच्या गिटारी आल्या. त्यांची अंगे रुंद, रूप साधे. येथून पुढची दहा-पंधरा वर्षे म्हणजे त्याच्या हाताचा खरा बहर.

गिटारच्या पुढच्या फळीखाली पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. तारांच्या ओढीने फळी उचलली जाऊ नये आणि तरी तिने मोकळेपणाने कंप पावावे, अशा दोन परस्परविरोधी मागण्या त्या पट्ट्यांकडून असतात. व्हिएन्नाच्या पद्धतीत त्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असत. मार्टिनने दोन पट्ट्या गुणाकाराच्या चिन्हासारख्या एकमेकींवरून ओलांडून बसवल्या. मादाम दे गोन्यी या स्पॅनिश वादिकेसाठी त्याने १८४३ मध्ये केलेल्या गिटारीत ही रचना आढळते. त्या काळी अमेरिकेतील आणखीही जर्मन कारागीर असे प्रयोग करीत होते, त्यामुळे शोधाचे सगळे श्रेय एकट्या मार्टिनला देणे मला रास्त वाटत नाही. मात्र तो प्रयोग पक्का करून घराण्याची रीत बनवणारा तोच. गंमत अशी की तेव्हा तारा आतड्याच्या असत, ओढ हलकी असे. विसाव्या शतकात पोलादी तारा आल्या तेव्हा हीच रचना ती जबर ओढ सोसायला उपयोगी पडली. आपल्या संमेलनातल्या गिटारीच्या पोटात आज बहुधा हाच गुणाकार आहे.

आणि डोके? ते व्हिएन्नाचे डोके १८४० नंतर हळूहळू मार्टिनच्या कामातून नाहीसे झाले. त्याच्या जागी साधे, चौकोनी डोके आले. काही गिटारींना तर त्याने यंत्र काढून टाकून पुन्हा साध्या खुंट्या लावल्या, लाकडाच्या किंवा हस्तिदंताच्या. काहींना खाचा पाडलेले डोके आणि दोन्ही कडांना तीन-तीन चाव्या. सुधारलेली चावी सोडून माणूस मागे खुंटीकडे कसा गेला, असे प्रथम वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले होते. पण खुंटी वजनाला हलकी, आणि स्पॅनिश गिटारीला तीच शोभते असे गिऱ्हाइकांचे मत. त्याहून मोठे कारण मला असे दिसते की आता त्याला पदवीपत्र दाखवण्याची गरज उरली नव्हती. गिटार कोणाची आहे हे तिच्या आवाजावरून कळू लागले होते.

या चाव्यांच्या बटणांची कथा मात्र मार्टिनच्या मृत्यूनंतरही चालू राहिली, आणि मी तिच्यात शिरलो तो एका साध्या निमित्ताने. आमच्या मामांची एक जुनी गिटार माझ्याकडे आली. मार्टिन नव्हे, सामान्यच, पण लाकूड चांगले. चाव्या फिरत होत्या, मात्र त्यांची पिवळसर बटणे आक्रसून तडकली होती. दोन तर हातात घेताच साखरेच्या खड्यासारखी भुगा झाली. असे का होते ते शोधू लागलो.

हस्तिदंत महाग आणि दुर्मिळ होत चालला तेव्हा त्याला पर्याय म्हणून सेल्युलॉइड निघाले. अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये त्याचे पेटंट घेतले. मुख्य हेतू बिलियर्डचे चेंडू करण्याचा होता. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून जो पदार्थ होतो त्यात कापूर मिसळला की सेल्युलॉइड तयार होते. हुबेहूब हस्तिदंतासारखा रंग, रेघाही तशाच पाडता येतात. वाद्यांच्या धंद्याने ते उचलून धरले. मार्टिनच्या वंशजांनीही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कडेच्या पट्टीसाठी हस्तिदंत सोडून सेल्युलॉइडच घेतले. पण या पदार्थाचा स्वभाव फितूर. वर्षानुवर्षे कापूर उडत राहतो, आम्लाची वाफ सुटते, धातूला हिरवा गंज चढतो आणि मग वस्तू आपसूक ढासळते. आपल्या मूकपटांच्या फिती याच जातीच्या होत्या. त्यांतल्या कित्येक याच रोगाने आणि आगीने गेल्या. २००३ मध्ये पुण्यात अशा जुन्या फितींचा मोठा साठा जळाला तो सर्वांना आठवत असेल. गिटारच्या बटणांचे सेल्युलॉइड आणि त्याच्या भाऊबंदांतले इतर जुने प्लॅस्टिक यांची गत तीच.

दुकानदाराने सल्ला दिला की नवा चाव्यांचा संचच बसवा. तो मी मानला नाही. नव्या चाव्यांची भोके जुन्या भोकांवर क्वचितच बसतात. डोक्याच्या लाकडाला नवी भोके पाडावी लागतात, आणि एकदा पाडलेले भोक परत बुजत नाही. यंत्र शाबूत असताना केवळ पाळी झडली म्हणून अख्खा कान कापणे मला पटेना. म्हणून फक्त बटणे बदलली.

प्रथम सगळ्या तारा थोड्या थोड्या करून एकसारख्या सैल केल्या. एकदम एकच तार सोडली तर मानेवरचा ताण वाकडा पडतो. चाव्यांच्या पट्ट्या काढताना कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हे पुठ्ठ्यावर टोचून ठेवले. जुने बटण ओढून काढू नये, दांडी वाकते. ते फडक्यात गुंडाळून पकडीने हळूच दाबले की आपोआप फुटते. हे तुकडे लगेच दूर नेऊन टाकले, कारण सेल्युलॉइड कापरासारखे भडकते आणि पुढच्या कामात तापलेले हत्यार लागणार होते. खाली उरते ती चपटी केलेली, कडेला खाचा असलेली दांडी. तिच्यावरचा हिरवा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. दांडीची रुंदी आणि जाडी मोजून घेतली, कारण सगळ्या कारखान्यांच्या दांड्या सारख्या नसतात.

नवी बटणे प्लॅस्टिकची असतील तर सोल्डरिंग आयर्नने दांडी काही सेकंद तापवायची आणि बटण सरळ रेषेत दाबायचे. प्लॅस्टिक मऊ होऊन खाचांभोवती बसते आणि निवल्यावर पक्के होते. सेल्युलॉइडला ही युक्ती वर्ज्य आहे हे सांगायला नको. हाडाचे बटण असेल तर उष्णता उपयोगाची नाही. त्याला आधीच नेमके भोक पाडून आत अ‍ॅरल्डाइट भरायचे आणि पुरता एक दिवस हात लावायचा नाही. मी हाडाची निवडली. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी ठरली, ती योग्यच ठरली. हाड दिसायला जवळजवळ तसेच असते आणि कापराप्रमाणे उडून जात नाही. शेवटी मळसूत्रावर शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला. सहा बटणांना दोन संध्याकाळी लागल्या.

हे करीत असताना एक गोष्ट ध्यानात आली. संग्रहालयांत किंवा पुस्तकांतील छायाचित्रांत जुनी मार्टिन गिटार दिसते, तेव्हा सहा बटणांत एखादे थोडे अधिक पांढरे, एखादे आकाराने किंचित लहान असे पुष्कळदा असते. म्हणजे गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोणीतरी ते बदललेले असते. त्या दुरुस्त करणाऱ्यांची नावे कोठेही नोंदलेली नसतात, पण त्यांच्यामुळेच ती वाद्ये आजही सुरात लागतात.

मार्टिनच्या पुढील आयुष्यात नाट्य थोडे आहे. धंदा वाढला. १८५० नंतर गिटारींचे आकार आणि शोभेचे दर्जे क्रमांकांनी ठरवण्याची पद्धत बसली, आणि त्यांतले काही क्रमांक अजून चालू आहेत. १८५९ मध्ये नाझरेथ गावातच कारखान्याची इमारत उभी राहिली. त्या वेळी अमेरिकेतील सुखवस्तू घरांत मुलींना दिवाणखान्यात वाजवायला गिटार शिकवीत, त्यामुळे लहान अंगाच्या, नाजूक गिटारींना मागणी असे. आजच्या थोराड गिटारी तेव्हा कोणी पाहिल्या नव्हत्या. अमेरिकेचे यादवी युद्धही कारखान्याने पार पाडले. १८६७ मध्ये मार्टिनने थोरला मुलगा आणि हार्टमन हा भाचा यांना भागीदार करून घेतले आणि पेढीला सी. एफ. मार्टिन आणि कंपनी हे नाव दिले. त्याच वर्षी तो एकाहत्तर वर्षांचा झाला होता. ज्या संघव्यवस्थेशी तो तरुणपणी भांडला, तिच्यातील एक गोष्ट त्याने आयुष्यभर सोडली नाही. काम मुलाने बापाच्या हाताखाली शिकायचे, ही ती गोष्ट. १६ फेब्रुवारी १८७३ रोजी नाझरेथ येथेच तो वारला.

मुलाने कारखाना चालवला. तो १८८८ मध्ये गेल्यावर नातू फ्रँक हेन्री बाविसाव्या वर्षी धनी झाला. विक्रीचा मक्ता न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडे होता. तो फ्रँकने १८९८ मध्ये मोडला, आणि साठ वर्षे खेड्यात होऊनही शहराचे नाव मिरवणाऱ्या गिटारींवर नाझरेथचा छाप आला. त्याच वर्षी गिटारींवर अनुक्रमांक घालण्यास सुरुवात झाली. आजवर किती झाल्या याची मोजदाद नव्हती, म्हणून आठ हजार झाल्या असाव्यात असा अंदाज करून आकडे तेथून पुढे सुरू केले. थोरल्या मार्टिनने स्वतः केलेल्या गिटारींवर त्यामुळे कोणताच क्रमांक नाही. एखादी अशी गिटार कोणा जाणकारासमोर ठेवली, तर तो तिचे वय ठरवण्यासाठी आतला छाप वाचतो, पोटातल्या पट्ट्या आरशाने पाहतो; पण त्याआधी ती उचलून पहिल्याने पाहतो ते तिचे डोके, आणि बटणे एका ओळीत आहेत की तीन-तीन.